घरी कोणाला असं होतं?

प्रिय आई,

गेल्या महिन्यात वर्गात हजेरी घेताना माझी छाती धडधडली, हात गार पडले. वाटलं, मी मरते. सावंगीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय चांगलं आहे. ही चिंता आहे." गोळी दिली, झोप, चालणं, सावकाश श्वास अन् मनातलं बोलणंही सांगितलं.

आता सकाळी पिपरीच्या धुक्यात चालते, तेव्हा तू पुढं चालून राह्यली असा भास होते. तुझा पदर हलून राह्यला, अन् तुले कशाचीच भीती नाई.

तूही अंगणात अशीच छाती धरून बसायची. मी म्हणायची, "काऊन नाटक करून राह्यली?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरी कोणाला असं होतं?" मी नाई म्हटलं.

हे पत्र टाकत नाई. रविवारी वडनेरले येते, तुझ्याजवळ बसून विचारते, "आई, तुले कसं होते?"

तुझी,
सपना