दुप्पट वेगातला आवाज

३ ऑगस्ट
अर्धांगाचा झटका आल्यापासून हे आज पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. "चहा... अगोड... झालाय." साखर विसरलेले मी. हसले, मग रडले. डॉक्टर म्हणालेत, घाई करू नका, शब्द त्यांचे त्यांना सापडू देत. देते. वडगावात सगळीकडं माग खडखडतायत, आमचे तेवढे बंद.

६ ऑगस्ट
संतोषचा बेंगळुरूहून फोन. "आई, माग विकून टाकू. तुम्ही दोघं इकडंच या." ह्यांना शब्द सापडेपर्यंत पोरगा "हॅलो, हॅलो, आवाज येईना" म्हणून ठेवून देतो. म्हटलं, रेकॉर्ड करून पाठवू.

९ ऑगस्ट
सकाळभर बसलो. बटण मी धरलेलं. "संतोष... माग... विकू..." मग एवढे थांबले, वाटलं विसरले. मग "...नको. मी... बरा... होणार." घामाघूम. पाठवलं.
उत्तर आलं : अंगठा.
"म्हणजे... व्हय?" हे विचारतायत. काय सांगू.

१४ ऑगस्ट
सं. आला. बरोबर माग बघायला गिऱ्हाईक!
"आप्पांनी काय सांगितलं ऐकलास न्हवं?"
"ऐकलं की. विकू म्हणाले."
"पुढं?"
पुढं काय न्हवतंच, म्हणतो. शांत झालं म्हणून बंद केलं. आता लावलं, तेही दुप्पट वेगानं. सगळ्यांचंच तसं ऐकतो म्हणे, वेळ कुठाय. "नको" आलंच. माणसाला शब्द दिलाय, बघतो म्हणाला. बघतो!
भीत भीत ह्यांच्याकडं बघितलं. हे हसत होते. त्या वेगात आवाज अगदी पहिल्यासारखा, मागाच्या आवाजावर ओरडायचे तसा.
"परत... लाव."
परत परत लावून घेतलं. मी एवढे महिने थांबून थांबून ऐकते, ते...

१६ ऑगस्ट
सं. काल परत गेला. हे आता माझ्याशी बोलत न्हाईत. फोनशी बोलतात, मग पळवून ऐकतात. मी समोर बसलेली असते.

१७ ऑगस्ट
गिऱ्हाईक दारात येऊन गेलं. सोमवारी टेम्पो आणतो म्हणाला. हे ऐकून उठायला बघत होते. सं.ला फोन लावला. उचलला न्हाय. लिहून आलं : मीटिंगमध्ये आहे, थोडक्यात टाक.