अझारोलाची पहिली सात फळं

पालेर्मो, २७ सप्टेंबर

प्रिय बाबा,

गुडघा कसा आहे? मी बरी आहे. इकडे अजून उकडतं. तुमच्याकडे डोंगरात सकाळी स्वेटर लागत असेल.

सोबतच्या डब्यात अझारोलाची सात फळं आहेत, बोराएवढी, आंबटगोड. ती कुठली, ते सांगायला हवं.

मी चौदा वर्षांची होते. कलमाच्या चाकूला तुम्ही मला हात लावू देत नव्हता. "आधी वाळुंजाच्या शंभर काड्या काप, मग बघू," म्हणायचात. मी बावीस कापल्या. मग अंगणातल्या आपल्या झाडाची एक काडी चोरली आणि डोंगरापलीकडे, फिलिप्पा आत्याच्या मेंढवाड्यामागे, रानटी काटेरी झुडपावर तिचं कलम बांधलं. ते जगलं. आत्याच्या शेळ्यांनी चारदा शेंडे खाल्ले, म्हणून फळ धरायला बारा वर्षं लागली.

परवा तिथे गेले होते. वास तोच. आई गच्चीवर गवतात फळं पसरायची, घरभर तो गोडसर वास असायचा. तुम्ही फळ चघळून तिन्ही बिया माझ्या खिशात टाकायचात आणि आई कपडे धुताना ओरडायची.

आत्या म्हणाली, "एवढी शिकलीस, आणि बापाला एक पत्र टाकायला दोन वर्षं?"

दोन वर्षांपूर्वी कृषी कचेरीची तपासनीस म्हणून आपल्या झाडाच्या करप्याचा अहवाल मीच लिहिला, सहीही माझी. रोग पसरू नये म्हणून झाड जाळलं त्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणालात, "आता तुझा कागद लाव अंगणात." मी नियम सांगत राहिले. एक नियम सांगितला नाही. दुसरी तपासणी मागता येत होती; एकवीस दिवस लागले असते. दुसऱ्या कुणाचं झाड असतं तर मी ती मागितली असती. बापाला झुकतं माप दिलं असं कचेरीत कुणी म्हणू नये, म्हणून मागितली नाही. झाड वाचलं असतं की नाही, मला माहीत नाही. आता कळणारही नाही.

आत्याचं झाड मी तीनदा तपासलं. निरोगी आहे. फेब्रुवारीत त्याच्या काड्या घेता येतील. अंगणासाठी जंगली खुंट मी आणेन. चाकू तुमचा लागेल.

कलमाचं पहिलं फळ काडी देणाऱ्याचं, असं तुम्हीच शिकवलंत. झाडावर सातच होती. मी एकही चाखलेलं नाही.

न विचारता काडी घेतलेली,
तुमची नुन्झिया