दोरीवर वाळत राहिलेला फ्रॉक

आई,

असं म्हणायचं नव्हतं. पण सौसरच्या त्या बालगृहात अधीक्षिका तुम्ही, आणि सगळ्या पोरींनी तुम्हाला आईच म्हणायचं हा नियमही तुमचाच. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, माझा राग मात्र अजून जिवंत आहे.

बालगृहातूनच मला रामाकोन्याच्या काका-काकूंकडे सांभाळायला दिलं होतं. नात्यातले नव्हेत; संत्र्याची बाग, घरात मूल नाही. जेमतेम महिनाभर राहिले असेन, तोच तुमचा माणूस जीप घेऊन दारात उभा. साहेब तपासणीला येणार होते आणि मुलींचा आकडा भरत नव्हता. काकूंनी मला नवा फ्रॉक घातला, जुना दोरीवर वाळत होता. डब्यात एकाच वेळची पोळी-भाजी बांधली. "येशीन नं संध्याकाळी वापस?" म्हणाल्या.

साहेब डोकी मोजून गेले. मी डबा धुऊन, परत जायला जीपची वाट बघत पायरीवर बसले. तुम्ही बाहेर येऊन खेकसलात, "तू गेली तं अनुदान कमी होते. मंग स्वयंपाकवाली कुठून ठेवू? बाकीच्या पोरी काय उपाशी मरतीन?"

हे सात वर्षांच्या पोरीला विचारायचं? पैसा डोक्यांवर यायचा आणि संस्थेतच यायचा. ज्या घरात मूल वाढणार त्या घराला दमडी नाही, तिथे विचारपूस करायलाही कुणी जायचं नाही. रीत सरकारची होती, मान्य. पण कुणाची म्हैस, कुणाला ऊठबैस! साहेबांपुढे तोंड उघडायची तुमची हिंमत नव्हती, म्हणून माझ्यावर ओरडलात. काकू न्यायला आल्या तर "पोरगी रुळली आता" असं धडधडीत खोटं सांगून त्यांना फाटकातूनच परत पाठवलंत. मी खिडकीतून बघत होते. मला तुमची चीड येते.

आता मी पांढुर्ण्यात नोकरी करते. हल्ली सांभाळणाऱ्या घरालाही पैसे मिळतात म्हणे. माझ्या काय कामाचं? परवा रामाकोन्याला गेले होते. काकू आता थकल्यात. म्हणाल्या, "तो फ्रॉक मी दोरीवरून काढलाच नाही माय. म्हटलं, पोरगी येईन अन् तिच्याच हातानं काढन."

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्याकडे पोस्टमन जात नाही. एवढंच लिहून ठेवते: परवा तिथून निघताना काकूंच्या ओट्यावर ठेच लागली आणि माझ्या तोंडून "आई" निघालं. काका गेल्यापासून एकट्या असलेल्या काकू, आपल्यालाच हाक मारली असं समजून, केवढ्या लगबगीनं उठून आल्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तुम्ही होतात. हे मी त्यांना सांगितलं नाही.