जागेवर पाहणी केली

मिस्त्रीकाका, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मधल्या काळात मी उपअभियंता झाले. तुम्ही असतात तर ही बातमी बाजारात दहा जणांना थांबवून सांगितली असती, म्हणून आधी तीच सांगून टाकते. पुढचं सांगायला मला वेळ लागणार आहे.

नोकरीचं पहिलं वर्ष तुम्हाला आठवत असेल. मी नागपूरहून आलेली तेवीस वर्षांची मुलगी, हातात पदवी. तुम्ही आठवी शिकलेले, रस्त्याच्या कामावर केस पांढरे झालेले, आणि कागदोपत्री माझ्या हाताखाली. सालेकशात तेव्हा मला धड जेवण मिळायचं नाही. काकूंनी न विचारता तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात माझंही ताट मांडलं. भात, लाखोळीचं वरण, कोहळ्याची भाजी. जेवताना तुम्ही कामाचा एक शब्द काढत नसायचात. बोलायचात ते रस्त्यावर. एका दुपारी मी जीपमध्ये बसूनच रस्त्याखालच्या एका मोरीच्या नोंदी भरत होते. तुम्ही खिडकीशी आलात. "काऊन लिहून राहिल्या म्याडम? तुमी तं उतरल्याच नाही." मी म्हटलं, इथून दिसतंय की सगळं. तुम्ही दार उघडलंत आणि मी उतरेपर्यंत ते तसंच धरून उभे राहिलात. मग मला मोरीच्या खालच्या अंगाला नेलंत, पाणी बाहेर पडतं तिथे. वरून काहीच दिसत नव्हतं, आणि खाली माझ्या छातीएवढा खड्डा पडला होता. "उतरा," म्हणालात. मी त्यात उभी, वर तुम्ही. "मोरीत शिरतानी पाणी गाय असते, निघतानी सांड होते. निघते तेथं दगड पाहिजे, आन् दगडाच्या शेवटाले जमिनीत गाडलेली भिंत पाहिजे. नाही तं ते खालून पोखरते." वर यायला हात देताना एवढंच म्हणालात, "न पाहता लिहू नका."

मला राग आला होता. दोन दिवस मी जेवायला आले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही गोंदियाहून माझ्यासाठी गमबूट घेऊन आलात. बायकांच्या मापाचे मिळेनात म्हणून चार दुकानं फिरून शेवटी शाळकरी पोरांच्या मापाचे आणले, हे काकूंनी सांगितलं. तुम्ही नुसतं "घालून पाहा" म्हणालात.

आता मागच्या वर्षीचं. जंगलातल्या एका टोल्यावरून, छोट्या वस्तीवरून, सालेकशाकडे जाणारा नवा रस्ता चालला होता. त्यावर एक मोरी, आणि मोरीच्या तोंडापासून थोड्या अंतरावर टोल्याची बोडी, पावसाचं पाणी साठवणारं लहानसं तळं. तिच्या पाण्यावर खालच्या शेतांतल्या सगळ्या बांध्यांचं धान पिकतं. नकाशात मोरीच्या तोंडाशी सहा मीटर दगडी फरशी होती आणि तिच्या शेवटाला जमिनीत गाडलेली भिंत. नकाशा मीच तपासलेला. मेअखेरचा नवतपा सुरू होता. मी कार्यालयात कूलरसमोर बसले होते आणि कंत्राटदाराच्या सुपरवायझरचा फोन आला. "म्याडम, टेन्शन मत लो, नीचे पूरा कडक मुरूम लागला आहे. भिंतीची गरजच नाही. फरशी तीन मीटर करू. आता खड्डा खणला आणि पाणी आलं तर सगळं बसून जाईल." पाठोपाठ त्याने फोटो पाठवले. लाल, घट्ट मुरूम, वर कुदळ ठेवलेली. ते फोटो कुठचे होते कोण जाणे. कामावर असा बदल करायचा तर मी स्वतः जागेवर जाऊन पाहायला हवं, हा नियम मला पाठ आहे. गाडी उभी होती. ड्रायव्हर दारात होता. बाहेरच्या उन्हाकडे मी एकदा पाहिलं आणि नोंदवहीत लिहिलं : जागेवर पाहणी केली, कठीण मुरूम आढळला, बदलास मंजुरी. खाली सही. हे लिहिताना मला तुमची आठवण आली नाही, काका. आली असती आणि तरी मी लिहिलं असतं तर निदान काही झगडा झाला असं म्हणता आलं असतं. तसंही काही झालं नाही.

दोन दिवसांनी टोल्यावरच्या तीन बायका कार्यालयात आल्या. त्यांतली पुढची साठीची असेल, तिच्या दोन बांध्या बोडीच्या अगदी खाली लागून. ती खुर्चीवर बसली नाही. म्हणाली, "म्याडम, तेथं मुरूम नाही जी. पांढरी माती आहे, साखरेवाणी विरघळते. तुमच्या माणसानं दगड कमी केले. पाणी आमच्या बोडीच्या पाळीवर जाईन. एक डाव येऊन तं पाहा." मी म्हटलं, येते. काम तेव्हा उघडंच होतं. भिंत अजून घालता आली असती. पण सही होऊन गेली होती. मी गेले असते आणि तिथे पांढरी माती निघाली असती, तर नोंदवहीत मी लिहिलेलं खोटं ठरलं असतं. म्हणून गेले नाही. पहिल्या दिवशी मी आळसाने गेले नव्हते. या वेळी मी ठरवून गेले नाही.

जुलैत तीन दिवस झड लागली. मोरीतून निघालेल्या पाण्याने तीन मीटरची फरशी खालून पोखरली, दगड सुटे झाले आणि पाण्याने सरळ बोडीची मातीची पाळ धरली. पहाटे पाळ फुटली. माणूस, जनावर कोणी गेलं नाही. पण बोडी रिकामी झाली, आणि त्या बाईच्या दोन्ही बांध्यांवर गुडघाभर रेती येऊन बसली. रोवणीला आलेले पऱ्हे, भाताची रोपं, रेतीखाली गेले.

आठवड्याने कार्यकारी अभियंता साहेब पाहणीला आले. मी होते, सुपरवायझर होता, टोल्यावरचे पंचवीसेक लोक होते. साहेबांनी नोंदवही मागवली आणि माझी नोंद मोठ्याने वाचली. ती बाई गर्दीत पुढेच उभी होती. "ह्या म्याडम आल्याच नोहोत्या," ती म्हणाली. "म्या ह्यायले आजच येथं पाहून राहिली." मला वाटलं, आता साहेब माझ्याकडे पाहतील. मान खाली घालून मी वाट पाहत होते, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटत होतं, की झालं एकदाचं. साहेबांनी पान उलटलं. "पाऊसच तेवढा झाला," ते म्हणाले. "अहवालात अतिवृष्टी लिहा." आणि मी तसं लिहिलं.

साहेबांची गाडी गेल्यावर ती बाई घरातून तांब्याभर पाणी घेऊन माझ्याकडे आली. "प्या जी, घामेजल्या तुमी." मी प्यायले. मग तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं : "येतो म्हणाल्या होत्या. काऊन नाही आल्या?" मी म्हटलं, मीटिंग होती. तिने मान हलवली. मोठ्या माणसांच्या मीटिंगा असतात हे तिला पटलं. तांब्या घेऊन ती परत गेली. माझ्याच्याने तिला हाक मारवली नाही.

नंतर सगळं नीट झालं, निदान बांधकाम तरी. कंत्राटदाराकडून सहा मीटर फरशी आणि गाडलेली भिंत करून घेतली. खणताना मी स्वतः काठावर उभी होते. पांढरी मातीच निघाली, बोटांत चुरली तर पीठ. पाळ लोकांनी आणि आमच्या मशीनने मिळून पुन्हा बांधली. तिच्या एका बांधीतली रेती काढून झाली. दुसरीतली तशीच आहे, तिथे मशीन उतरत नाही. माझ्या सेवापुस्तकात या सगळ्याचा एक शब्द नाही. अहवाल दुरुस्त करावा म्हणून मी दोनदा फाइल मागवली, समोर ठेवली, आणि दोन्ही वेळा शिपायाला हाक मारून परत पाठवली.

हे पत्र खरं तर पाठवता येईल. काकू अजून सालेकशातच राहतात, नातसून वाचून दाखवेल. पण काकू अजून शेजारणींना सांगतात की आमच्या हातचं जेवलेली पोरगी आता मोठी साहेब आहे. एवढं एक माणूस मला गमवायचं नाही, म्हणून हे माझ्याकडेच राहील.

आणि एक, जे घरातही कोणाला माहीत नाही. सालेकशाकडे जायचं असलं की मी ड्रायव्हरला फेऱ्याने न्यायला सांगते. टोल्याचा रस्ता खराब आहे, म्हणते. तो काही विचारत नाही. रस्ता चांगला आहे, काका.