कोपरा नसलेलं कार्ड

मुंबई, १५ सप्टेंबर १९४६

तीर्थरूप मातोश्री गं. भा. अव्वाच्या चरणी बालके शांतलिंगचा सा. न. वि. वि.

शहरात दंगल चालू आहे, पण मी पेढी आणि खोली सोडून कुठं जात नाही. आमचं कापड आता समुद्रापार जातं आणि तिकडची पत्रं स्पॅनिश भाषेत येतात. महिनाअखेरच्या परीक्षेत जो पास होईल त्यालाच शेठ कायम करणार, बाकीच्यांनी गावी परतावं म्हणाले. एक म्हातारे पाद्री संध्याकाळी पेढीवरच शिकवतात. सध्या भूतकाळ चालू आहे. क्रियापदाची शेपटी तोडायची आणि माणूस बघून नवी जोडायची. आब्लार म्हणजे बोलणं. आब्ले, मी बोललो. आब्लास्ते, तू बोललास. आब्लो, तो बोलला. कोमियो, तो जेवला. बिबियो, तो जगला. सरळ क्रियापदं सगळी याच चालीनं जातात. गिरवल्याशिवाय डोक्यात बसत नाही, म्हणून तुम्हालाच लिहून गिरवतो.

आत्याला नमस्कार. माया असू द्यावी.

तुमचा शांतलिंग

लोहारा, २२ सप्टेंबर

चि. शांतलिंग यास अव्वाचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड परवा आलं. बलभीम टपालवाल्यानं ते हातात दिलं नाही, उंबऱ्यावर ठेवून मान खाली घालून गेला. उचललं तर वरचा कोपरा फाडलेला. असं कार्ड मयताची खबर घेऊन येतं, हे मुंबईत राहून विसरलास काय रे? गंगम्मा आत्यानं वाचायच्या आधीच गळा काढला. शेजारच्या बाया जमल्या.

तुझ्या वडिलांची खबर सोलापूरच्या दवाखान्यातून अशीच आली होती. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. कार्ड घेऊन अर्धं गाव फिरले आणि परक्याच्या तोंडून ऐकलं. त्यानंतर तुझी जुनी पुस्तकं काढून अक्षरं जुळवायला शिकले ती एवढ्यासाठीच, की पुन्हा कुणी मला वाचून दाखवू नये.

म्हणून कार्ड कुणाला दिलं नाही. नजर गेली ती मधल्या ओळींवर. तो बोलला, तो जेवला, तो जगला. वाटलं, तुझे शेवटचे दिवस कुणी कळवलेत. भिंतीला टेकून बसले. मग दिसलं, अक्षर तुझं आणि खाली सहीही तुझीच. मेलेला माणूस सही करत नाही, एवढं मला कळतं. मग वरपासून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्या फार रागावली. म्हणाली, एवढं रडले ते फुकट गेलं. पुढच्या खेपेला फाडायचंच असेल तर स्वतःचं धोतर फाड म्हणावं.

कोपरा कुठं गेला ते कळव. जेवत जा. बाकी सगळं ठीक.

तुझी अव्वा

मुंबई, २ ऑक्टोबर

तीर्थरूप अव्वास सा. न.

चुकलो. कागद मिळेना, म्हणून त्या कोपऱ्यावर भूतकाळाच्या शेपट्या लिहून घेतल्या आणि टोपीत ठेवल्या. पेढीवर जाता-येता काढून बघत होतो. रीत ध्यानातच आली नाही. परीक्षेत पास झालो, शेठनी कायम केलं. कोपरा सोबत पाठवतो. आत्याला धोतराऐवजी लुगडं आणीन. राग धरू नये.

तुमचा शांतलिंग

लोहारा, ११ ऑक्टोबर

चि. शांतलिंग यास आशीर्वाद.

कोपरा पोचला. खळीनं कार्डाला चिकटवला, थोडा तिरका बसला. बलभीमला बोलावून दाखवला तेव्हा त्याला बरं वाटलं. तोही दोन दिवस नीट जेवला नव्हता म्हणे. लुगड्याचं ऐकून आत्याचा राग गेला, पण रंग तिला हिरवाच पाहिजे.

त्या शेपट्या मी पाठ केल्या. दिवा लावताना तुझ्या वडिलांच्या नावापुढं म्हणून बघते, बिबियो. बरोबर बसतं. तुझ्या नावापुढं मात्र मी ती लावणार नाही. जगतो आहे, याला तिकडं काय म्हणतात ते पाद्रीबाबांना विचार आणि दर कार्डावर सगळ्यात आधी तेवढं लिहीत जा. मग बाकीचं मी सावकाश वाचीन.

तुझी अव्वा