बेचाळीस दिवस पुढे

सोमवार, ८ सप्टेंबर

बेचाळीस दातांचे दवाखाने, प्रत्येकाचा वेगळा डेटाबेस, सगळे एकाच सर्व्हरवर. गुरुवारी सगळे दवाखाने बंद. म्हणजे तिथपासूनच्या सगळ्या अपॉइंटमेंट एकेक दिवस पुढे ढकलायच्या. साहेब म्हणाले, "या वेळी तू कर. मागच्या वर्षीसारखा घोळ नको."

मागच्या वर्षी हे काम माझ्या सीनियरकडे, ताईकडे होतं. पहिल्या दवाखान्याच्या तारखा बेचाळीस दिवस पुढे गेल्या, बाकीच्या एकेचाळीस ठिकाणी काहीच हललं नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं, हिने तारखा ढकलणारा छोटा प्रोग्राम, ती स्क्रिप्ट, एकाच दवाखान्यावर बेचाळीस वेळा चालवली. ताई एवढंच म्हणत राहिली, "मी एकदाच चालवली." आठवडाभरात तिला खाली तक्रारींच्या फोनवर बसवलं.

मीही तेच मानलं. स्क्रिप्ट मी लिहून दिलेली होती, तपासलेलीही होती.

मंगळवार, ९

दिवसभर दवाखान्यांच्या नावांची यादी जुळवली. डोळे चुरचुरतायत.

जेवायच्या सुट्टीत ताई शेजारी बसली. "काल एका आजोबांचा फोन. म्हणे, गेल्या वर्षी तुम्ही मला दीड महिना थांबवलंत, तेवढ्यात दातच पडला. म्हटलं, आजोबा, मग काम झालं की!"

सगळे हसले. मी पाणी प्यायले.

बुधवार, १०

सकाळी तीन डेटाबेसच्या नकला करून त्यांवर स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर तिन्ही नावं आली, तिन्हींपुढे "झालं". उघडून पाहिलं — पहिल्याच्या तारखा तीन दिवस पुढे. दुसरा, तिसरा जागच्या जागी.

स्क्रिप्ट पडद्यावर नुसतं नाव बदलते, डेटाबेस बदलत नाही. पहिल्यातच फिरत राहते. एक ओळ घालायची राहिली होती. माझ्याकडून.

तेव्हा मी ती एकाच डेटाबेसवर तपासली होती. एकावर ती बरोबरच चालते.

ओळ घातली. चारपर्यंत बेचाळीसही नीट झाले, एकेक उघडून पाहिले. साहेब म्हणाले, "बघ, लक्ष देऊन केलं की होतं." मी "हो" म्हणाले.

हो म्हणाले!

गुरुवार, ११

साहेबांना मेल लिहिला. पाठवला नाही.

शुक्रवार, १२

खाली जाऊन ताईला सांगितलं. सरळ, दोन वाक्यांत.

तिने हेडफोन गळ्यात ओढला. "ठाऊक आहे मला. त्याच दिवशी कळलं होतं, ती ओळ राहिलीय. तू लागून महिना झाला होता, तुला घरीच पाठवलं असतं."

"मग मला तरी सांगायचंस."

"वाट बघत होते गं. म्हटलं, आज ना उद्या स्वतःची स्क्रिप्ट उघडून बघेल."

तिचा फोन वाजला. तिने घेतला.

वर येऊन मेल पाठवला.