अप्पांच्या अल्बममधली आकाशं

प्रिय बारक्या,

फोनवर तुझ्याशी नीट बोलणं होत नाही. अप्पा शेजारीच बसलेले असतात, त्यांचे डोळे गेले तरी कान शाबूत आहेत, आणि तुझ्याकडे कायम कुणीतरी दारात उभं असतं. म्हणून हे पत्र. आज दातांच्या लॅबमधून जरा लवकर निघाले. एक कवळी प्लॅस्टरमध्ये सुकत ठेवली आहे, ती उद्या बघेन. घरी न जाता पोस्टातल्या बाकावर बसून लिहिते आहे. काउंटरवरची बाई मघापासून माझ्याकडे बघते आहे, बघू दे बापडी.

अप्पांना आता समोरचं, मधलं काही दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. म्हणजे दाराची चौकट दिसते, पण दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जिना उतरताना एवढंच विचारलं, की मग कार्डांचं कसं करायचं.

कार्डं म्हणजे तुझीच ती. ड्रॅगन, चेटकिणी, हवेत तरंगणारे किल्ले. शाळेत असताना जमवलेली, बुटांच्या खोक्यात घालून कपाटावर टाकून गेलास ती. आई गेल्यानंतर पक्कड शोधताना अप्पांच्या हाती ते खोकं लागलं आणि पक्कड राहिली बाजूला. संध्याकाळी मी आले तर सगळी जमीन चित्रांनी भरलेली आणि मध्ये अप्पा, पाय पसरून. मला म्हणाले, हे चित्र काढणाऱ्या माणसाला धुकं काढता येतं. मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे. पण मग ते स्वतःच विकत आणायला लागले, खिशाखिशांचा अल्बम आणला, आणि दर शनिवारी दाढी करून कोपऱ्यावरच्या त्या दुकानात जायला लागले, जिथे शाळा-कॉलेजातली मुलं टेबलांवर तो खेळ खेळत बसतात.

खेळातलं अप्पांना ओ की ठो कळत नाही, हे तुला सांगायला नकोच. कार्डाच्या कोपऱ्यात ताकदीचा आकडा असतो, मुलं त्याच्यावर जीव टाकतात. अप्पा तो आकडा अंगठ्याखाली झाकून चित्र बघायचे. चमकणारी कार्डं तर त्यांना बिलकूल आवडत नाहीत, चकचकीत करून चांगल्या चित्राचा जीव घेतला म्हणतात. अशी कार्डं ते मुलांना देऊन टाकत आणि बदल्यात कुणाला नको असलेलं, अगदी मरतुकड्या ताकदीचं एखादं घेत, कारण त्याच्यात आभाळ चांगलं असे. शेवटी दुकानदाराला राहवेना. त्याने अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, काका, ही पोरं तुम्हाला सरळ गंडवतात. अप्पा म्हणाले, "त्यांना आकडा मिळाला, मला ढग मिळाला. यात गंडलं कोण?" दुकानदाराने हे मला तीनतीनदा ऐकवलं आहे.

अल्बमही त्यांनी तसाच लावला आहे. खेळणारे लोक राक्षसांची राक्षसांत लावतात, जादूगारांची जादूगारांत. अप्पांनी आकाशाप्रमाणे लावली. आधी पहाटेची, मग रखरखीत दुपारची, मग वादळं, आणि शेवटी ती गढूळ संध्याकाळची. त्यात ड्रॅगन कुठेही येतो बिचारा, ज्या आभाळाखाली असेल तिथे. जन्मभर पाट्या रंगवलेला माणूस, दुकानांची नावं सोडून दुसरं काही काढायला कधी मिळालं नाही. पाटीवर आभाळ कोण मागणार?

तर आता ती कार्डं त्यांना मी दाखवते. दाखवते म्हणजे सांगते. रोज जेवणानंतर अल्बम उघडायचा आणि एकेक चित्र बोलून दाखवायचं. सुरुवातीला मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. मी म्हणायचे, एक बाई आहे, हातात काठी आहे, मागे निळं आकाश आहे. अप्पा विचारायचे, निळं म्हणजे कसलं निळं? धुतलेलं की मळलेलं? खाली फिकट होत जातं का? आणि ती काठी कुठल्या हातात? दिवसभर मी काय बघते तर दात. पांढरे, पिवळट पांढरे, चहा पिणाऱ्याचे पांढरे. त्यामुळे बर्फाचं चित्र आलं की माझी गाडी सुसाट सुटते, आणि अप्पा हसून म्हणतात, बघ, पांढरं आलं की तुला कंठ फुटतो. पण बाकीच्या रंगांसाठी माझ्याकडे शब्द नाहीत रे. ते तुझ्याकडे होते.

तुला राग आहे हे मला माहीत आहे. मागे मी फोनवर या कार्डांचं कौतुक सांगत होते तेव्हा तू म्हणालास, मला चित्रकला शिकू दिली नाही आणि आता स्वतः बसलेत चित्रं बघत. तुझं चुकलेलं नाही. तेव्हा त्यांच्या हातातलं काम सुटत चाललं होतं, छापील बोर्ड आले होते, आणि आपला मुलगाही याच वाटेने उपाशी मरेल या भीतीने त्यांनी तुला गोदामाच्या हिशेबांना जुंपलं. ती भीती खरी होती आणि तुझं नुकसानही खरं आहे. पण एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. प्रत्येक कार्डाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत चित्रकाराचं नाव छापलेलं असतं. नजर होती तोवर अप्पा भिंग घेऊन ते नाव आधी वाचायचे, मग चित्र बघायचे. एकदा असंच वाचताना थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बारक्याला करू द्यायला हवं होतं." मी भाजी निवडत राहिले.

गेल्या आठवड्यात माझं अंग अगदी मोडून आलं होतं. लॅबमध्ये एक कवळी दोनदा परत आली, मान दुखत होती, डोळ्यांसमोर सगळं पांढरं पांढरं. जेवणं झाली, अप्पांनी अल्बम मांडीवर घेतला, आणि मी म्हणाले, अप्पा, आज नाही होणार माझ्याच्यानं. ते लगेच बरं म्हणाले, लाजल्यासारखे झाले. मी तिथेच खुर्चीत डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने बघते तर त्यांनी एक कार्ड अल्बमच्या खिशातून काढून हातात धरलं होतं आणि स्वतःशीच हळूहळू बोलत होते, इथे डोंगर आहे, डोंगरावर ऊन उतरतंय, खाली पाण्यात त्याचं पिवळं पडलंय. छान सांगत होते, माझ्यापेक्षा कितीतरी छान. कार्ड मात्र उलटं धरलेलं होतं. चित्र तळहाताकडे आणि सगळ्या कार्डांना असते तीच तपकिरी पाठ वर. मी उठून ते सरळ करायला हवं होतं. पण तेवढंही मला जमलं नाही, इतकी मी दमले होते. मी त्यांच्यावर चिडलेली नाही, तुझ्यावरही नाही. फक्त दमले आहे, आणि हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मी अप्पांना सांगून टाकलं, की बारक्या येतोय, चांगला महिनाभर राहणार आहे, कार्डं आता तोच सांगेल. तुला न विचारता. तोंडातून कसं निघून गेलं मला कळलं नाही. त्यांनी चहा संपवला, आणि मग म्हणाले, माझी खाट भिंतीकडे सरकव, त्याला खिडकी लागते. तेव्हापासून त्यांनी मला एकदाही अल्बम उघडायला सांगितलेलं नाही. मी आपणहून विचारलं तरी म्हणतात, "राहू दे, तो आला की बघू." माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या आहेत बारक्या. जेवून लवकर आडवी होते, आणि झोप येत नाही. पलीकडे ते मिटलेला अल्बम मांडीवर घेऊन बसून असतात, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की ते खाकरून गळा साफ करतात. ये रे.

तुझीच,
ताई